लाथ न मारणारी पायाळू

उसण म्हणजे काय, हे जिला किंवा ज्याला भरली त्यालाच विचारावं. चप्पल घालायला वाकावं आणि कंबरेत अशी कळ यावी की माणूस तसाच काटकोनात उभा. ना वर होता येतं, ना खाली बसता येतं. आमच्या कोल्हापुरात त्यावर एक जुना उपाय आहे. त्या माणसाला पालथं झोपवायचं आणि पायाळू माणसाकडून, म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी जगात आलेल्या माणसाकडून, दुखऱ्या जागी लाथ मारून घ्यायची. लाथ म्हणजे फार जोराची नव्हे. टाच टेकवून दाबायचं. बरं वाटलं तर पायाचा गुण. नाही वाटलं तर "पाय नीट बसला न्हाई". असा हा पाय कधीच हरत नाही.

माझी पुतणी क्रांती अशी पायाळू. मी तिची चुलती, संयोगिता. सगळा जन्म शाळेत पोरांना शिकवण्यात गेला, आता निवृत्त आहे, आणि दुपारनंतर क्रांतीच्या दवाखान्यात बसून पेशंटचे नंबर लावते. तेव्हा मी तिचं कौतुकच सांगणार. ज्याला तराजूत तोलून ऐकायचं असेल त्यानं दुसरं दार बघावं.

क्रांतीचा बाप अमरसिंह हा माझा धाकटा दीर. शिवाजी पेठेत आमचं घर, मागं गोठा, गोठ्यात म्हशी. सांजेला तो म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जातो, तिथंच धार काढतो आणि लोक उभ्या उभ्या फेसाळ धारोष्ण दूध पितात. माणूस मनानं लोण्यासारखा, पण आवाज हलगीसारखा. पोर पायाळू निघाली म्हटल्यावर याला आभाळ ठेंगणं झालं. फ्रॉक घातलेल्या क्रांतीला खांद्यावर घेऊन तो कट्ट्यावर जायचा, पोत्यावर पालथे पडलेले बाप्ये तयारच असायचे, आणि ही पोर गंभीर चेहऱ्यानं एकेकाच्या कंबरेवर टाच ठेवायची. "आमच्या पोरीचा पाय म्हंजे औषध हाय औषध," असं अमरसिंह ओरडून सांगायचा. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की तिला उंबऱ्याबाहेर सोडायचा नाही. पावसाळ्यात तिची निम्मी शाळा बुडायची आणि वर्गात तिची हजेरी घेताना मला राग यायचा.

पण पोर नुसती टाच ठेवत नव्हती, बघतही होती. कुणी लगेच उठून चालायला लागायचा, कुणी कण्हत तसाच पडून राहायचा. एकदा पेठेतल्या फुटबॉल संघातला एक खेळाडू आला. त्याची कळ कंबरेतून निघून कुल्ल्यातून, मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरत होती. क्रांतीनं टाच ठेवली तशी त्यानं किंकाळी फोडली. घरी येऊन तिनं बापाला विचारलं, "आबा, उसण कंबरेत हाय तर त्येचा पाय का दुकतोय?" अमरसिंह म्हणाला, "तुला काय करायचंय? तू आपला पाय ठेव." हे उत्तर तिला पटलं नाही. तिला कुठलंच अर्धं उत्तर पटत नाही, हा तिचा गुण म्हणा की खोड म्हणा.

त्या प्रश्नाच्या मागं ती पुढं गेलीच. आधी फिजिओथेरपी शिकली, मग मलेशियाला जाऊन कायरोप्रॅक्टिक शिकली. म्हणजे पाठीचे मणके, त्यांचे सांधे, त्यांतून निघणाऱ्या नसा, आणि हातानं दाब देऊन अडकलेला सांधा मोकळा करायची विद्या. निघताना अमरसिंह रडला आणि वर म्हणाला, "पायातच हाय की तिच्या. शिकायला परदेशात कशाला?" तरी पासपोर्टपासून विमानतळापर्यंत सगळं त्यानंच केलं. माझ्या दिराचं बोलणं ऐकू नये, करणं बघावं.

परत आल्यावर तिनं पेठेतच दवाखाना काढला. तळमजल्यावर. पाठीच्या डॉक्टरनं माडीवर दवाखाना काढला तर पेशंट जिन्यातच बसून राहायचे. उद्घाटनाला अमरसिंहानं हलगी आणली, पेढे आणले आणि उसण भरलेला एक माणूसही शोधून आणला. सगळ्यांसमोर त्याला सतरंजीवर पालथं घातलं आणि लेकीला म्हणाला, "हं, कर उद्घाटन."

क्रांतीनं त्या माणसाला उठवून टेबलावर घेतलं, तपासलं, दोन प्रश्न विचारले, कुशीवर वळवून हातानं हलका झटका दिला. कट् असा आवाज झाला. माणूस उठून बसला आणि हसला. पण अमरसिंह हसला नाही.

"आबा, मी लाथ मारणार न्हाई," ती म्हणाली. "कुणाचं काय बिनसलंय ते कळल्याबिगर पाठीवर पाय द्यायचा म्हंजे डोळं झाकून गाडी हाणायची."

बापाचं नाक कापलं गेलं. आयुष्यभर ज्या पायाची दवंडी पिटली तो पाय लेकीनं चार लोकांत मागं घेतला. त्या दिवसापासून तो दवाखान्याची पायरी चढला नाही. कट्ट्यावर कुणी विचारलं तर म्हणायचा, "शिकली आन् पाय इसरली."

लोकांनाही सवय व्हायला वेळ लागला. त्या कट् आवाजाचं भलतंच वेड. मोबाइलवर असले व्हिडिओ बघून यायचे आणि आवाज झाला नाही तर रुसायचे. क्रांती समजवायची की तो हाड बसल्याचा आवाज नव्हे, सांध्यातला वायू सुटल्याचा आहे. बोटं मोडल्यावर येतो तोच. काहींना ती झटका देतच नसे. हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं, पडून मार लागलेले, ताप असलेले, यांना आधी पुढची तपासणी. बऱ्याच जणांना तर ती नुसतं सांगायची, "अंथरुणाला खिळू नगा. चाला. जमंल तेवढी कामं करा. बहुतेक कंबरदुखी आपली आपण जाती." असं सांगणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही हे मला तिथं बसून कळलं. माणसाला दुखण्याएवढाच जंगी उपाय लागतो.

रत्नाबाईंची गोष्ट सांगते. कापडाच्या दुकानात गादीवर दिवसभर बसायचं, मांडी घालून, एका बाजूला रेलून. त्यांची पोटरी दुखायची, आणि त्या बिचाऱ्या पोटरीला तेल चोळत होत्या. क्रांतीनं त्यांना उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, थोडा वर जाताच त्या कळवळल्या. मग तिनं प्लास्टिकचा मणका हातात घेऊन दाखवलं. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ती फुगून बाहेर आली की शेजारच्या नसेला टेकते, आणि ती नस पायात जाते म्हणून बोंब पायात उठते. दुखणं एका जागी, चोर दुसऱ्या जागी. यालाच सायटिका म्हणतात.

उपचार सुरू झाला. हलके दाब, पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायचा व्यायाम, आणि दुकानात दर थोड्या वेळानं उठून फेरी. एक दिवस रत्नाबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "अगं बाई, दुखणं वर चढलं की! पोटरीतनं गेलं आन् कुल्ल्यात आलं!" क्रांतीनं टाळीच वाजवली. पायातलं दुखणं कंबरेकडं परत यायला लागलं म्हणजे नस सुटायला लागली. पुढं रत्नाबाई देवळाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढल्या आणि खाली येऊन मला पेढा दिला. "तुमच्या पोरीनं जादू केली" म्हणाल्या. क्रांती आतून ओरडली, "जादू न्हाई, व्यायाम! थांबवू नगासा!"

हे सगळं पेठेत गाजत होतं तेव्हा आमच्याच घरात दिव्याखाली अंधार होता. अमरसिंहाची कंबर कधीची दुखत होती. उकिडवं बसून धारा काढायच्या, दुधाचे कॅन कंबरेत वळून मोटारसायकलवरून उतरवायचे. लेक जेवताना सांगायची, "आबा, वळून उचलू नगा. कॅन अंगाजवळ धरा, पाय फिरवा." हा ताटात बघत राहायचा. पाठीच्या डॉक्टरणीचा बाप पाठ धरून बसला असं लोक म्हणतील, ही एक भीती. आणि लेकीसमोर तिच्या टेबलावर झोपायचं म्हणजे उद्घाटनाची हार कबूल करायची, हे दुसरं.

एका सकाळी कॅन उतरवताना काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तो गोठ्यातच बसला. या खेपेला कळ एका पायात नव्हती, दोन्ही पायांत होती. माझ्या जावेनं, क्रांतीच्या आईनं, शेक दिला. तो चहाला नको म्हणाला, पाण्यालाही नको म्हणाला. दोनदा मोरीत जाऊन बराच वेळ थांबला आणि तसाच परत आला. आम्हाला वाटलं, दुखण्यानं हैराण झालाय.

दुपारी कट्ट्यावरचे दोघं त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यात आले. बाकडी भरलेली होती. अमरसिंह सगळ्यांच्या मध्ये, फरशीवर पालथा पडला.

"क्रांते," तो म्हणाला, "साऱ्या गावाला मारलीस. बापाला एक मार."

बाहेर बसलेले लोक ऐकत होते. मला तर रडूच आलं. एवढा ताठ माणूस, आणि फरशीला गाल लावून पडलेला. क्रांती त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली.

"आबा, आधी तपासू द्या."

त्याला उचलून आत टेबलावर घेतलं, पडदा ओढला. मी मदतीला आत होते. तिनं एक पाय उचलला, मग दुसरा. छोटी हातोडी घोट्यामागं मारून बघितली. मग अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे वर ढकला." डावा अंगठा हललाच नाही. पाऊलही वर येईना. तिचा चेहरा बदललेला मला दिसला.

"आबा, लघवी नीट होतीया?"

"काय इचारतीस गं बापाला?" तो एवढ्यानं ओरडला की बाहेरची कुजबुज थांबली. "लाज न्हाई वाटत? दे लाथ आन् जाऊ दे मला!"

"आबा, सांगा. लई महत्त्वाचं हाय."

"झालं सगळं नीट. तू तुझं काम कर."

तो खोटं बोलत होता. मला कळलं, तिलाही कळलं. पण आमच्या घरातला पुरुष बायकोसमोरही हा शब्द काढत नाही, लेकीसमोर काय काढणार! मी म्हटलं, "भावजी, मी बाहेर जाते." तरी तो तोंड भिंतीकडं करून पडलेला. आणि प्रश्न तर तेवढाच होता. होय म्हणाला तर एक रस्ता, नाही म्हणाला तर दुसरा, आणि चुकीच्या रस्त्यानं गेलं तर माझा दीर जन्मभरासाठी अधू.

तेव्हा क्रांतीनं जे केलं ते कुठल्या कॉलेजात शिकवत असतील असं मला वाटत नाही. ती पडद्याबाहेर गेली. हात धुतले. केस मागं बांधले, तोंडावर मास्क चढवला, आणि परत आत येऊन खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"रामराम, पावणं," ती म्हणाली. "नाव काय आपलं?"

"डोस्कं फिरलं काय तुझं?"

"नाव सांगा, पावणं. बाहीर लोक थांबल्यात."

तिच्या आवाजात लेक नव्हतीच. तो मग हळूच म्हणाला, "अमरसिंह."

"गाव?"

"हितलंच. शिवाजी पेठ."

"धंदा काय करता?"

"दुधाचा."

"कधीपास्नं दुकतंय?"

तो सांगायला लागला. कॅन, गोठा, दोन्ही पाय. अनोळखी माणसाला सांगावं तसं, नजर छताला लावून. ती मान हलवत होती, मध्ये "बरं" म्हणत होती.

"लघवी कधी झाली, पावणं?"

त्यानं घसा खाकरला. "सकाळपास्नं झालीच न्हाई. लागलीया असं वाटतंय, पर येत न्हाई."

"आन् बसायच्या जागंला? कापड लागल्यालं कळतंय?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तितं सारं बधिर झालंय. माजं मला काय कळंना."

क्रांतीनं मास्क काढला. मला म्हणाली, "काकी, गाडी बोलवा. मी सर्जनला फोन करतो."

पाठीच्या तळाशी नसांचा एक झुपका असतो. लघवी, शौच, पायांचं बळ, सगळं त्यातून चालतं. अमरसिंहाची गादी फुटून त्या झुपक्यावरच बसली होती. अशा वेळी लाथ नाही, झटका नाही, मालीश नाही, कायरोप्रॅक्टिकही नाही. लवकरात लवकर ऑपरेशन. उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही.

बाहेर कट्टेकऱ्यांत चुळबुळ झाली. एकजण बोललाच, "सगळ्या गावाला बरं करती, आन् बापाला मोठ्या दवाखान्यात धाडती?" आणि आतून अमरसिंहानंही तेच विचारलं, फक्त रागानं नव्हे, केविलवाण्या आवाजात. "तूच कर की, बाळा. दुसऱ्याच्या हातात का देतीस? मग येवढी शिकलीस कशाला?"

"कुठं हात लावायचा न्हाई, ते शिकाय गेलतो, आबा," ती म्हणाली. तिनं बापाच्या पाठीला बोट लावलं नाही.

आता मी सांगते माझं. हे ऐकताना मला जो अभिमान वाटला तो आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही. हात चालवणारे मी पुष्कळ बघितले. सगळी पेठ बघत असताना, बाप विनवत असताना, स्वतःचं नाव पणाला लागलेलं असताना हात मागं ठेवणारी मी ही एकच बघितली. आमच्या घराण्यात तलवारी गाजवणाऱ्यांच्या गोष्टी सांगतात. मी ही सांगते.

एमआरआय काढला, मणक्यात तिनं सांगितलं तेच निघालं, आणि त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. पण लघवीचं काय ते आत्ताच सांगता येत नाही. नळी काढल्यावर कळेल.

ते दिवस फार वाईट गेले. नळी एकदा काढली, झाली नाही, परत घातली. माझी जाऊ देवीला नवस बोलत होती. क्रांती बापाच्या पायाशी बसून त्याचं पाऊल वर ढकलायचा व्यायाम घ्यायची आणि दोघंही त्या विषयावर बोलायचे नाहीत. मी एकदा तिला म्हटलं, "तू केलंस ते बरोबरच केलंस." तर म्हणाली, "बरोबर केलं म्हंजे बरं हुतंयच असं न्हाई, काकी." आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

नळी पुन्हा काढली त्या सकाळी अमरसिंह वॉकर धरून संडासात गेला. आम्ही सगळे बाहेर. एवढी शांतता त्या माणसाच्या आसपास मी कधी अनुभवली नव्हती. मग आतून त्याचा तो हलगीचा आवाज आला.

"क्रांते! झाली गं! आपल्या आपण झाली!"

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. नर्स हसायला लागली. माझी जाऊ पदरात तोंड लपवून रडत होती, लाजेनं की आनंदानं देव जाणे. आणि क्रांती दाराला कपाळ टेकून म्हणत होती, "ऐकलं, आबा. ऐकलं."

त्याचा डावा पाय अजून थोडा ओढतो. उकिडवं बसणं बंद झालं, धारा माझी जाऊ आणि एक गडी काढतात. तो कट्ट्यावर उंच स्टुलावर बसून दुधाचे पेले देतो. पण खरी गंमत पुढंच आहे.

मागच्या महिन्यात बिद्रीकडून हंबीरराव नावाचे एक गृहस्थ आले. ट्रॅक्टर चालवणारे, कंबरेत वाकलेले, एका पायावर भार देऊन उभे. मी नाव विचारायच्या आत त्यांनी टोपी काढली आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं, "लघवी नीट हुतीया, बसायची जागा बधिर न्हाई, अंगठा वर जातोय, दुकणं एकाच पायात हाय."

बाकड्यावरच्या दोन बायका चपापल्या. मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"त्यो दूधवाला," हंबीरराव म्हणाले. "मी त्येला इचारलं, पायाळू पोरीचा दवाखाना कुठं हाय. तर म्हणाला, आधी ह्या चार सवालांची उत्तरं दे. मी लाजलो. तर भर कट्ट्यावर वरडून सांगितलं त्येनं, 'लाजू नगंस. माजी बंद झालती. सांगाय लाजलो आसतो तर आज नळी लावून पडलो आसतो. माज्या लेकीनं वळाकलं.' आन् म्हणाला, यातलं एक जरी चुकलं तर हिकडं यायचं न्हाई, थेट मोठ्या दवाखान्यात जायाचं, त्यो सोता घिऊन जाणार. कुणालाच सोडत न्हाई म्हणं. कंबार धरल्याला दिसला की आडवतोय."

क्रांती पडद्याआड उभी राहून ऐकत होती. ती मागच्या खोलीत गेली. मला तिचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग नळ वाजला, हात धुतल्याचा.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हसत होती. "या मामा," ती हंबीररावांना म्हणाली, "टेबलावर झोपा. तुमची अर्धी तपासणी आबांनी केलीया."